शपथविधीच्या दारातल्या आजीबाई : 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन' आणि तिच्या गावोगावच्या शाखांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेऊन हॉलच्या बाहेर पडताना बऱ्याच ठिकाणी दाराशी एक टेबल मांडलेलं असतं. टेबलामागे पांढऱ्या केसांच्या दोन-तीन आजीबाई. त्या प्रत्येकाच्या हातात एक छोटा झेंडा देतात आणि 'वेलकम' म्हणतात. माझ्या वेळी ज्या बाईंनी झेंडा दिला, त्यांच्या डाव्या खांद्यापासून खाली एक रुंद फीत सोडलेली होती आणि तिच्यावर एकाखाली एक डझनभर सोन्याचे बिल्ले. निवृत्त सुभेदार शोभल्या असत्या. कोर्टातल्याच कुणीतरी असतील असं समजून मी 'थँक यू' म्हटलं आणि फोटो काढायला पळाले.

पुढे त्या कोण हे कळलं, आणि ते मंडळातल्या मैत्रिणींना सांगायला लागल्यावर तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागले. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

ही नेमकी कसली संस्था आहे?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ज्यांनी हातभार लावला, त्यांच्या थेट वंशातल्या स्त्रियांची. स्थापना ११ ऑक्टोबर १८९०, वॉशिंग्टन शहरात. सगळे 'डीएआर' म्हणतात, मीही तेच म्हणते. सुमारे १ लाख ९० हजार सभासद आणि ३ हजारांच्या आसपास शाखा आहेत. मुख्यालय व्हाइट हाउसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि पत्ता १७७६, डी स्ट्रीट. १७७६ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं वर्ष, तेव्हा घरक्रमांकसुद्धा देशभक्त आहे.

पण मुख्यालय बघून ही संस्था कळत नाही. ती कळते गावात. जुन्या दफनभूमीत एखाद्या थडग्याशेजारी काशाची गोल खूण दिसते, रस्त्याच्या वळणावर दगडात पाटी बसवलेली दिसते, त्यावर खाली बारीक अक्षरात शाखेचं नाव आणि साल असतं. ती पाटी वर्गणी काढून कुणीतरी बसवलेली असते, आणि ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा गावातल्या पंधरा-वीस बायका असतात.

बायकांची वेगळी संस्था कशाला काढली?

कारण पुरुषांनी घेतलं नाही, दुसरं काही नाही.

१८८९ मध्ये 'सन्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन' ही पुरुष वंशजांची संस्था निघाली. स्त्रियांना घ्यायचं का, हा विषय १८९० मध्ये त्यांच्यापुढे आला आणि त्यांनी 'नाही' असं ठरवलं. मेरी स्मिथ लॉकवुड नावाच्या बाई वॉशिंग्टनमध्ये राहत होत्या, लेखिका होत्या आणि भाडेकरू ठेवून घर चालवत होत्या. त्या चिडल्या. १३ जुलै १८९० च्या 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये त्यांचं पत्र छापून आलं. त्यात त्यांनी हॅना आर्नेटची गोष्ट सांगितली आणि विचारलं की देशभक्ती काय फक्त बापांनी केली, आयांनी नाही?

हॅना आर्नेटची गोष्ट अशी. १७७६ चा डिसेंबर, न्यू जर्सीतलं एलिझाबेथटाउन. जॉर्ज वॉशिंग्टनची फौज मागे हटते आहे, ब्रिटिशांनी माफीची घोषणा केली आहे, आणि आर्नेटांच्या घरी गावातले पुरुष बसून शरण जायचं घाटत आहेत. शेजारच्या खोलीतून हॅनाबाई ऐकत होत्या. त्या सरळ आत आल्या, सगळ्यांना भेकड म्हणाल्या आणि नवऱ्याला बजावलं की माफी घेतलीस तर तुझी-माझी वाट वेगळी. पुरुष वरमले. गोष्ट थोडी रंगवून सांगितलेली असणार, अशा गोष्टी तशाच असतात. पण तिचा पणतू विल्यम मॅकडॉवेल तेव्हा हयात होता. त्याने ती पेपरात वाचली आणि स्त्रियांची संस्था काढायला मदत देऊ केली.

ऑगस्टच्या एका वादळी रात्री तीन जणी जमल्या: मेरी डेशा, एलन हार्डिन वॉलवर्थ आणि युजेनिया वॉशिंग्टन. लॉकवुडबाई त्या रात्री नव्हत्या, पण चौथ्या संस्थापिका म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या घरी रीतसर सभा झाली आणि अठरा जणींनी सह्या केल्या. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन पहिल्या अध्यक्षा झाल्या.

आज डीएआर म्हटलं की मोत्यांची माळ आणि पांढरे हातमोजे घातलेल्या श्रीमंत बायका डोळ्यांसमोर येतात. पण या चौघींत भाडेकरू ठेवणारी एक आणि सरकारी कचेरीत कारकुनी करणाऱ्या दोघी होत्या. युजेनियाबाई टपाल खात्यात नोकरीला होत्या, आणि त्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या सख्ख्या भावाच्या पणती! घराणं मोठं आणि पगार लहान. आपल्याकडे अशी घरं पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

जॉर्ज वॉशिंग्टनचे थेट वंशज किती सभासद आहेत?

एकही नाही. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

शाखा कशी असते? 'रीजंट' म्हणजे कोण?

शाखेला तिथे 'चॅप्टर' म्हणतात आणि शाखेच्या अध्यक्षेला 'रीजंट'. राजा लहान असताना त्याच्या वतीने कारभार पाहणारी व्यक्ती, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. राजेशाहीशी लढलेल्यांच्या लेकींनी तोच शब्द उचलावा याची मला गंमत वाटते. पण तो आधीच रुळलेला होता. जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्ननचं घर पडायला आलं, तेव्हा ॲन पामेला कनिंगहॅम यांनी १८५३ मध्ये बायकांची संघटना उभी केली आणि २ लाख डॉलरला ते घर विकत घेतलं. त्या स्वतःला रीजंटच म्हणवत.

डीएआरची पहिली शाखा शिकागोत, मार्च १८९१ मध्ये निघाली. शाखेत रीजंटखालोखाल सगळ्यात महत्त्वाची बाई म्हणजे 'रजिस्ट्रार', अर्थात नोंदणी पाहणारी. अर्ज, दाखले, वंशावळी सगळं तिच्या हातून जातं. इतिहास पाहणारी, खजिनदार, प्रार्थना सांगणारी अशीही पदं असतात. महिन्याची सभा, झेंड्याला प्रतिज्ञा, एखादं भाषण, मग कॉफी आणि केक. भगिनी मंडळात वाढलेल्या कुणालाही ते पहिल्या पाच मिनिटांत घरचं वाटेल.

शाखांना अनोळखी बायकांची नावं का असतात?

कारण गावाने विसरलेली बाई पुन्हा गावाला आठवावी, हा हेतू असतो. मॅसेच्युसेट्समधल्या पेपरेल गावची शाखा प्रूडन्स राइट यांच्या नावाची आहे. एप्रिल १७७५ मध्ये गावातले पुरुष लढायला गेले, तेव्हा या बाईंनी शेजारणी गोळा केल्या. नवऱ्यांचे कपडे अंगावर चढवले, कुणी बंदूक घेतली, कुणी गवत उचलायचा पंजा, आणि नदीवरच्या पुलावर पहारा दिला. ब्रिटिशांच्या बाजूचा एक घोडेस्वार तिथे पकडला गेला आणि त्याच्याजवळची पत्रं हाती लागली असं सांगतात.

यातली विसंगती लक्षात घ्या. शाखांना नावं अशा बायकांची, आणि त्याच शाखांच्या जुन्या इतिवृत्तांत सभासदांची नावं मात्र नवऱ्याची. १९३९ मधल्या अध्यक्षा साऱ्या कागदांवर 'मिसेस हेन्री एम. रॉबर्ट ज्युनियर' आहेत. त्यांचं स्वतःचं नाव सारा, हे शोधून काढावं लागतं. कुठल्याही गावच्या शाखेचा इतिहास लिहायला बसणाऱ्याची पहिली अडचण हीच. आपल्याकडच्या जुन्या लग्नपत्रिकांत 'सौ.' नंतर नवऱ्याचंच नाव येतं आणि बाईचं नाव पणजीबरोबरच जातं, तसलाच प्रकार.

सभासद व्हायला काय लागतं?

वय १८ पूर्ण आणि पूर्वज. पूर्वज सैनिकच असला पाहिजे असं नाही. खलाशी चालतो, गावच्या समितीवर काम केलेला चालतो, फौजेला धान्य किंवा गुरं पुरवणारा चालतो, देशनिष्ठेची शपथ घेतलेला चालतो. बाईसुद्धा चालते. अमेरिकनांच्या बाजूने लढलेले फ्रेंच आणि स्पॅनिश शिपाईही चालतात. काळ धरतात तो १९ एप्रिल १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीपासून नोव्हेंबर १७८३ मध्ये ब्रिटिशांनी न्यूयॉर्क सोडेपर्यंतचा. वंश आईकडून, बापाकडून, आजीच्या आईकडून, कसाही उतरला तरी हरकत नाही. रक्ताचा मात्र हवा. दत्तक मुलीला दत्तक घराण्यावरून प्रवेश नाही.

सांगायला सोपं आहे, पण खरं काम कागदाचं. आपल्यापासून त्या पूर्वजापर्यंतच्या प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू आणि अमुक हा तमुकचाच मुलगा, एवढं सगळं सिद्ध करायचं. 'आमची आजी सांगायची' याला शून्य गुण. अलीकडच्या पिढ्यांचे दाखले कचेरीत मिळतात. मागे जाल तसे कागद विरळ होतात. अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव पहिल्यांदा आलं ते १८५० मध्ये. त्याआधीच्या नोंदींत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची डोकी मोजलेली. कुणाची बायको, कुणाची लेक, काही पत्ता नाही.

अशा वेळी पेन्शनची कागदपत्रं कामी येतात. १८३६ च्या कायद्याने स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळायला लागली. लग्न झाल्याचा पुरावा हवा, आणि लग्नाचा दाखला म्हणून कुठला कागद असणार? म्हाताऱ्या विधवांनी घरच्या बायबलचं पान फाडून अर्जाला जोडलं. त्या बायबलांत मधल्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म-मृत्यू लिहायची पद्धत होती. ती पानं आजही सरकारी दफ्तरात आहेत. बोरूने लिहिलेली नावं, तारखा, कुठे तीन दिवसांत गेलेलं मूल, आणि एका कडेला फाटलेली रेघ. धर्मग्रंथाचं पान आपल्या हाताने फाडून पोस्टात टाकायचं, आणि तेही स्वतःचं लग्न झालं होतं हे सरकारला पटवायला. मला या सगळ्या इतिहासात हे पान सगळ्यात जास्त बोलतं.

म्हणजे आपल्या कुलवृत्तांतासारखंच की!

पुष्कळसं. घराण्याच्या पत्रव्यवहारात रमणारे, सुट्टीत मूळ गावी जाऊन देवळातल्या वह्या चाळणारे, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे जाऊन नामावळी उतरवून आणणारे काका आपल्या घराघरांत होऊन गेले. डीएआरने हेच काम १८९६ पासून ग्रंथालय उभारून केलं आणि सुरुवातीच्या सभासदांच्या वंशनोंदींचे १६६ खंड छापले.

फरक दोन. आपले कुलवृत्तांत बहुधा मुलग्यांच्या वाटेने चालतात. मुलगी 'अमक्यांस दिली' एवढ्या ओळीवर थांबते. डीएआरची वंशरेषा लेकींतूनही अखंड चालते, किंबहुना ती संस्था त्याच जिद्दीतून निघाली. दुसरा फरक असा की कुलवृत्तांत कुळातल्या सगळ्यांचा असतो, भला-बुरा सगळा. इथे मात्र एक गाळणी आहे, आणि तिच्यातून कोण गेलं, कोण राहिलं, यावरच या संस्थेचा बराचसा इतिहास घडला आहे. त्याकडे येतेच.

'खऱ्या लेकी' कोण होत्या?

स्वातंत्र्यसैनिकाची पणती नव्हे, नात नव्हे, प्रत्यक्ष मुलगी. १८९० मध्ये युद्ध संपून शंभरावर वर्षं उलटली होती, तरी अशा साडेसातशेहून अधिक बायका सभासद झाल्या. म्हातारपणी दुसरं-तिसरं लग्न केलेल्या सैनिकांच्या या मुली. संस्था त्यांना सोन्याचा चमचा भेट द्यायची.

बिल्ल्यावर चरखा कसा? गांधीजींशी काही संबंध?

नाही, हा चरखा गांधीजींच्या बराच आधीचा. सोनेरी चाक, त्याला तेरा आरे तेरा वसाहतींचे, भोवती निळ्या कडेवर तेरा तारे. स्मिथसोनियन संस्थेतल्या जॉर्ज ब्राउन गुड यांनी तो आपल्या आजीच्या चरख्यावरून रेखाटला.

पण संबंध नाही म्हणताना थोडं थांबावं लागतं. १७६० च्या दशकात ब्रिटिश कापडावर बहिष्कार पडला, तेव्हा न्यू इंग्लंडमधल्या बायका एकत्र बसून सूत कातायच्या आणि घरच्या जाड्याभरड्या कापडाचे कपडे मिरवायच्या. पुण्यात १९०५ मध्ये विलायती कापडाची होळी पेटली, त्याच्या १४० वर्षं आधीची ही स्वदेशी, मालकही तोच.

शाखांनी प्रत्यक्षात काय काम केलं?

भरपूर, आणि सगळंच पाट्या लावण्याचं नाही. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात सैन्याला परिचारिका हव्या होत्या आणि सैन्याकडे निवडायची यंत्रणा नव्हती. डीएआरच्या डॉ. अनिता न्यूकम मॅगी यांनी अर्ज तपासून हजारावर प्रशिक्षित परिचारिका पाठवल्या. १९०१ मध्ये सैन्याचं कायमचं परिचारिका दल झालं, त्याची वाट इथून गेली. रेड क्रॉसच्या क्लारा बार्टन डीएआरच्या होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या सुझन बी. अँथनीही होत्या, रॉचेस्टरच्या शाखेत.

मला आवडतं ते त्या मानाने बिनमहत्त्वाचं एक काम. राजधानीची हद्द आखताना १७९१-९२ मध्ये मैलामैलावर दगड रोवले होते, एकूण ४०. मोजणी अँड्र्यू एलिकट यांची, आणि सुरुवातीच्या कामात बेंजामिन बॅनेकर हे स्वतंत्र कृष्णवर्णीय खगोलज्ञ सोबत होते. शंभर वर्षांत दगड झुडपात गेले, कुणाच्या परसात आले, काही लोकांनी टवके उडवले. १९१५ पासून त्या भागातल्या शाखांनी दगड वाटून घेतले आणि प्रत्येकाभोवती लोखंडी कुंपण घातलं. आज वॉशिंग्टनच्या उपनगरात फिरताना फुटपाथजवळ कमरेएवढ्या गंजक्या पिंजऱ्यात एखादा झिजका दगड दिसतो. पिंजरा नसता तर दगडही दिसला नसता.

मोठं काम हवं असेल तर 'मॅडोना ऑफ द ट्रेल'. पश्चिमेकडे गेलेल्या बायकांचे १२ पुतळे, १९२८-२९ मध्ये बारा राज्यांत, मेरीलँडपासून कॅलिफोर्नियापर्यंत. डोक्यावर बॉनेट, एका हातात बंदूक, दुसऱ्यात तान्हं, आणि घागरा धरून उभा मुलगा. तेव्हा रस्तेसंघटनेचे अध्यक्ष असलेले हॅरी ट्रुमन अनावरणांना जात. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ती बंदूक ज्यांच्यावर रोखलेली, त्या मूळ रहिवाशांबद्दल पुतळा काही बोलत नाही.

या सगळ्या पाट्या खऱ्या असतात का?

हात जोडून सांगते, नाही. बऱ्याच असतात, काही नसतात.

न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेलमध्ये तळ्याकाठी सिबिल लडिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा आहे, १९६१ चा, ॲना हायट हंटिंग्टन यांनी घडवलेला. सोळा वर्षांची मुलगी २६ एप्रिल १७७७ च्या पावसाळी रात्री चाळीस मैल घोडा पिटाळत सैनिकांना जागं करत गेली, अशी कथा. पण ही कथा पहिल्यांदा छापून आली १८८० मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. समकालीन कागद एकही नाही. पुढे डीएआरनेच सांगितलं की पुरावा आमच्या कसोटीला उतरत नाही. पुतळा अर्थात आहे तिथेच आहे. आपल्याकडे कुठल्या गडावरून कोण कसं उतरलं याचे वाद पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. मला कौतुक वाटतं ते संस्थेने आपल्याच लाडक्या कथेला कागद मागितला याचं. जुन्या सभासदांच्या नोंदींवरही आज शेरे दिसतात: यापुढे या पूर्वजाच्या नावावर अर्ज करणाऱ्याने पुरावा नव्याने द्यावा.

मरियन अँडरसनचं प्रकरण काय होतं?

हे टाळून डीएआरचा इतिहास लिहिता येत नाही.

१९२९ मध्ये संस्थेने कॉन्स्टिट्यूशन हॉल बांधला. ३,७०२ आसनं, त्या काळी वॉशिंग्टनमधल्या सगळ्यात मोठ्या सभागृहांपैकी एक. १९३२ पासून तिथल्या करारात एक कलम होतं: कार्यक्रम फक्त गोऱ्या कलाकारांचे. मरियन अँडरसन तोवर युरोप गाजवून आलेल्या कृष्णवर्णीय गायिका होत्या. हॉवर्ड विद्यापीठाने १९३९ च्या ईस्टरला त्यांच्या गाण्यासाठी हॉल मागितला. नकार आला.

राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट डीएआरच्या सभासद होत्या. त्यांनी २६ फेब्रुवारीला राजीनाम्याचं पत्र लिहिलं. तुम्हाला चांगलं उदाहरण घालून द्यायची संधी होती आणि तुम्ही ती दवडली, असा त्याचा आशय. मग ९ एप्रिल १९३९ ला, ईस्टरच्या संध्याकाळी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर अँडरसन उभ्या राहिल्या. थंडी होती, अंगावर फरचा कोट होता, समोर ७५ हजार माणसं, आणि शिवाय देशभर रेडिओ लागलेला. लिंकन स्मारक कॉन्स्टिट्यूशन हॉलपासून मैलभरसुद्धा लांब नाही.

१९४३ मध्ये चीनच्या मदतनिधीसाठी डीएआरने त्यांना त्याच हॉलमध्ये बोलावलं आणि त्या गायल्या. १९६४ मध्ये निरोपाच्या दौऱ्याची सुरुवातही त्यांनी तिथूनच केली. गोऱ्या कलाकारांची अट १९५० च्या दशकात गेली. संस्थेने पुढे उघड खेदही व्यक्त केला. आज शाखेतल्या बायकांना हा प्रश्न विचारला तर त्या विषय बदलत नाहीत, असा माझा अनुभव.

फक्त तेवढंच एक चुकलं का?

नाही. १९२० च्या दशकात 'लाल धोक्या'च्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, भीतीने शाखांना वक्त्यांच्या काळ्या याद्या गेल्या, कुणाला भाषणाला बोलवू नये याच्या. समाजसेविका जेन ॲडम्स यांचंही नाव त्यात. त्यांना एकेकाळी डीएआरने मानद सभासदत्व दिलं होतं. 'ते तहहयात आहे अशी माझी समजूत होती, पण ते चांगल्या वर्तणुकीपुरतंच निघालं,' असा शेरा ॲडम्सबाईंनी मारला. मॅसेच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या हेलन टफ्ट्स बेली या सभासद बाईंनी याद्यांना वाचा फोडली. त्यांना १९२८ मध्ये काढून टाकलं.

आणि आयोवातल्या सीडर रॅपिड्सची गंमत. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मारकासाठी ग्रँट वुड या चित्रकाराने रंगीत काचेची मोठी खिडकी केली, काच घडवून घेतली म्युनिकमध्ये. शत्रूच्या देशात केलेली काच शहिदांच्या स्मारकाला? स्थानिक डीएआरने आक्षेप घेतला आणि खिडकीचं रीतसर अर्पण १९५५ पर्यंत रखडलं. वुडने १९३२ मध्ये चित्रातून सूड उगवला. ओठ घट्ट मिटलेल्या तीन बायका, एकीच्या हातात निळ्या नक्षीचा कप, आणि मागे डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनचं प्रसिद्ध चित्र. ते मागचं चित्र काढलं गेलं होतं कुठे, तर जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला!

कृष्णवर्णीय स्त्रिया सभासद होऊ शकतात का?

होतात. पण वर म्हटलेली गाळणी इथे दिसते. १८७० च्या आधीच्या जनगणनांत गुलामांची नावंच नाहीत. मालकाच्या नावाखाली नुसतं वय आणि लिंग. गोऱ्या घराण्याकडे फाडून जोडायला बायबलचं पान तरी होतं. ज्यांना लिहा-वाचायचीच बंदी, त्यांनी पान कुठून आणायचं? 'आमचा नियम सर्वांना सारखा, फक्त कागद आणा' हे वाक्य ऐकायला किती निरागस!

१९७७ मध्ये डेट्रॉइटच्या कॅरन बॅचलर यांनी कागद आणला आणि त्या उघडपणे माहीत असलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय सभासद ठरल्या. वॉशिंग्टनमध्ये लीना सँटोस फर्ग्युसन यांच्याकडेही कागद होता, मेन राज्यातल्या जोना गे या पूर्वजापर्यंतचा. तिथे अडलं दुसरंच: शाखेत यायला दोन सभासदांची शिफारस लागते आणि ती कुणी देईना. १९८४ च्या मार्चमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बातमी छापली, शहराच्या परिषदेत संस्थेची करसवलत काढून घेण्याची भाषा झाली आणि दारं उघडली. फर्ग्युसनबाई स्वतः आत येऊन थांबल्या नाहीत. स्वातंत्र्ययुद्धातल्या कृष्णवर्णीयांची नावं शोधायचं काम संस्थेने अंगावर घ्यावं, हे त्यांनी तडजोडीत लिहून घेतलं. त्यातून निघालेल्या २००८ च्या ग्रंथात ६,६०० हून अधिक कृष्णवर्णीय, मूळ रहिवासी आणि मिश्रवंशीय लोकांची नावं आहेत. ज्या पेपरातल्या पत्रातून संस्था निघाली, त्याच पेपरातल्या बातमीने तिला वळण लागलं.

'डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' हीच का?

नव्हे, नव्हे. ती १८९४ ची वेगळी संस्था, यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांची. ज्यांच्या पुतळ्यांवरून हल्ली वाद होतात, ते बरेचसे त्यांचे.

आम्हा मराठी लोकांचा याच्याशी काय संबंध?

सुरुवातीला सांगितलेला झेंडा आहेच. त्याची परंपरा जुनी आणि दुटप्पी. १९२१ पासून डीएआरने नव्या स्थलांतरितांसाठी नागरिकत्वाची पुस्तिका अनेक भाषांत छापून फुकट वाटली, आणि त्याच दशकात स्थलांतर रोखणाऱ्या कायद्यांना पाठिंबाही दिला. आपल्या लोकांचा तर प्रश्नच नव्हता. १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यापासून १९४६ पर्यंत हिंदी माणसाला अमेरिकन नागरिकत्व मिळायची वाटच बंद होती. १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट डीएआरच्या अधिवेशनात गेले आणि म्हणाले, लक्षात असू द्या, आपण सगळे, विशेषतः तुम्ही आणि मी, स्थलांतरितांचे आणि क्रांतिकारकांचे वंशज आहोत.

आज पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी शाखा इतिहासाची निबंधस्पर्धा घेतात, बारावीच्या मुलांना शिष्यवृत्तीची स्पर्धा असते. तिथे वंश विचारत नाहीत. शाळेतून पत्रक आलं तर मुलांना जरूर लिहायला लावा. वॉशिंग्टनमधलं ग्रंथालयही सगळ्यांना खुलं आहे.

आमच्या सुनेचे पूर्वज तिथलेच आहेत. नात सभासद होऊ शकेल?

सुनेच्या घराण्यात पूर्वज सापडला आणि कागद जुळले, तर नक्की. आजी सांगलीची असली तरी आड येत नाही. शोध घेताना आरमाराच्या याद्या सोडू नका. एप्रिल १७८२ मध्ये, आपल्याकडे सालबाईच्या तहाची बोलणी चालू असताना, डेलावेअरच्या उपसागरात पेनसिल्व्हेनियाच्या एका छोट्या जहाजाने आपल्याहून मोठं ब्रिटिश जहाज पकडलं. कप्तान जोशुआ बार्नी. इंग्रजांशी लढणारा तो आपला मित्र, या भावनेने त्या लोकांनी जहाजाला नाव दिलं होतं म्हैसूरच्या 'हैदर अली'चं. त्यावरचा एखादा खलाशी नातीच्या वंशावळीत निघाला, तर मला जरूर कळवा.